सर्व्हर रूमचं वीजबिल कमी कसं करायचं: मोजणीपासून गरम हवेच्या वाटेपर्यंत

सर्व्हर रूममध्ये शिरताना अंगावर स्वेटर लागतो, याचा अनेक ठिकाणी अभिमानच असतो. खरं तर थंड हवा यंत्रांऐवजी माणसांना मिळतेय, एवढंच त्यातून कळतं. नागरी सहकारी बँक, इंजिनिअरिंग कॉलेज, मध्यम आकाराचं रुग्णालय, एमआयडीसीतला कारखाना अशा ठिकाणी पाच ते पंधरा रॅकची जी खोली असते, तिच्यासाठी हा लेख आहे. मोठ्या डेटा सेंटरांवरच्या संशोधनातून गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरंच काही हाती आलं. त्यातलं अशा खोलीत काय लागू पडतं आणि कुठे फसतं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

क्रम बदलू नका. आधी मोजणी, मग निकामी सर्व्हर बंद करणं, मग थंड आणि गरम हवा वेगळी करणं, त्यानंतर तापमान वाढवणं आणि शेवटी पंख्यांचा वेग. बहुतेक जण चौथ्या पायरीपासून सुरुवात करतात, कारण तिला पैसे लागत नाहीत. मग रॅकच्या वरच्या सर्व्हरचा अलार्म वाजतो, साहेब घाबरतात, एसी पुन्हा 18 वर जातो आणि पुढची काही वर्षं त्या बटणाला कोणी हात लावत नाही.

आधी मीटर लावा

हिशेबासाठी एक खोली धरू. सर्व्हर, स्टोरेज, स्विच मिळून 20 किलोवॅट. यूपीएसमध्ये वाया जाणारे 2, एसीचे 14, दिवे वगैरे अर्धा किलोवॅट. एकूण 36.5. याला 20 ने भागलं की 1.83 येतं, हाच पीयूई: खोलीची एकूण वीज भागिले सर्व्हरांची वीज, 1 च्या जितका जवळ तितका चांगला. द ग्रीन ग्रिड या संस्थेने 2007 मध्ये हे माप रूढ केलं. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या 2023 च्या पाहणीत जगभरातली सरासरी 1.58 होती. गूगलची स्वतःची डेटा सेंटरं 1.1 च्या आसपास असतात. छोट्या खोलीने त्या आकड्याच्या मागे लागू नये. 1.5 च्या आत आलात तरी काम चांगलं झालं म्हणायचं.

मोजायला तीन जागा पुरतात: यूपीएसची इनपुट केबल, यूपीएसची आउटपुट केबल आणि एसीचा डीबी (वीज वाटणारा बोर्ड). क्लॅम्प मीटरने एकदा अँपिअर बघून काम भागत नाही. कॉम्प्रेसर चालू असतानाचा आणि बंद असतानाचा आकडा वेगळा, दुपारचा आणि पहाटेचा वेगळा. तीन फेजचे एनर्जी मीटर बसवा, शक्यतो मॉडबस असलेले, म्हणजे आकडे संगणकाला पाठवता येणारे, आणि निदान एक आठवडा युनिटं मोजा, किलोवॅट नव्हे. शेजारच्या केबिनचा एसी त्याच डीबीवर असेल तर तो आधी वेगळा करून घ्या, नाहीतर सगळं गणित पाण्यात.

युनिटला 12 रुपये धरले तर चोवीस तास चालणारा एक किलोवॅट वर्षाला 8,760 युनिटं, म्हणजे 1,05,120 रुपये खातो. खर्चाला मंजुरी मागताना पीयूईऐवजी हा आकडा पुढे करा. लेखा विभागाला तो लगेच कळतो.

पीयूईची एक खोड इथेच सांगायला हवी. वरच्या खोलीतले 4 किलोवॅटचे रिकामे सर्व्हर बंद केले, त्यामुळे एसी 12.2 वर आला आणि यूपीएसचा तोटा 1.8 झाला, असं समजा. एकूण 30.5, भागिले 16, म्हणजे 1.91. सहा किलोवॅट वाचले आणि पीयूई बिघडला! उलटही घडतं. खोली फार गरम ठेवली की सर्व्हरचे आतले पंखे जोरात फिरतात. त्या पंख्यांची वीज सर्व्हरच्या खात्यात धरली जाते, म्हणून एकूण वापर वाढला तरी पीयूई सुधारलेला दिसतो. त्यामुळे रोज पाहायचं ते एकूण युनिटांकडे.

तापमान मोजण्याची जागाही ठरलेली आहे. भिंतीवरचा थर्मामीटर विसरा. प्रत्येक रॅकच्या समोर, दारापासून साधारण 5 सेंटिमीटरवर, खाली, मध्ये आणि वर असे तीन सेन्सर लावा, मागे मधल्या उंचीवर एक. शिवाय एसीच्या तोंडाशी एक आणि एसीत परत जाणाऱ्या हवेत एक. डीएस18बी20 हा स्वस्त सेन्सर पुरेसा आहे. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची असते आणि एकाच तारेवर बरेच सेन्सर जोडता येतात. डेटाची तार आणि प्लसची तार यांच्यामध्ये 4.7 किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. बाजारात नकली माल खूप आहे, म्हणून बसवण्याआधी सगळे सेन्सर एकत्र बांधून बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी भरलेल्या थर्मासमध्ये दहा मिनिटं ठेवा. शून्यापासून जो जितका सरकेल तितका फरक त्याच्या नावापुढे लिहून ठेवा, आणि एखादा दोन अंशांनी चुकत असेल तर तो फेकून द्या. सर्व्हरच्या बीएमसीत, म्हणजे त्याच्यावर देखरेख करणाऱ्या आतल्या चिपमध्ये, इनलेटचं (तोंडाशी आत जाणाऱ्या हवेचं) तापमान आणि चालू वॅट फुकट मिळतात, तेही दर पाच मिनिटांनी नोंदवायला लावा.

निकामी सर्व्हर शोधणं

लुईझ बारोसो आणि उर्स होल्झ्ले या गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये दाखवून दिलं की सर्व्हर बहुतेक वेळ 10 ते 50 टक्के कामावर असतात आणि त्या काळातले सर्व्हर काहीच करत नसतानाही कमाल विजेच्या निम्म्याच्या आसपास खात. नवी यंत्रं याबाबतीत सुधारली, पण छोट्या खोल्यांत आठ-दहा वर्षांची यंत्रं सर्रास चालू असतात. जोनाथन कूमी आणि जॉन टेलर यांच्या 2015 च्या अभ्यासात पाहिलेल्या सर्व्हरपैकी सुमारे 30 टक्के निव्वळ चालू होते, सहा महिन्यांत त्यांनी उपयोगाचं काहीच केलं नव्हतं.

शोधायचं असं. महिनाभराचा सीपीयूचा कमाल वापर आणि नेटवर्कची ये-जा काढा. बॅकअप आणि अँटिव्हायरसची ये-जा त्यातून वजा करा, नाहीतर मेलेला सर्व्हरही जिवंत दिसतो. संशयितांची यादी विभागप्रमुखांना पाठवा. उत्तर आलं नाही, आणि ते येत नाहीच, तर सर्व्हर चालू ठेवून फक्त नेटवर्कची केबल काढा. कोणी ओरडलं तर दोन मिनिटांत परत लावता येते. महिनाअखेर आणि तिमाहीअखेर त्यातून जाऊ द्या. कॉलेजात प्रवेशाचा आणि निकालाचा हंगाम, बँकेत 31 मार्च, या तारखा ओलांडल्याशिवाय यंत्र रॅकमधून काढू नका. वर्षातून एकदाच लागणारा सर्व्हर खरोखर असतो.

दुसरं काम बायोसमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये. पॉवर प्रोफाइल कायम 'मॅक्सिमम परफॉर्मन्स'वर ठेवलेलं असतं, कारण बसवणाऱ्याने तसं ठेवलं. ते बॅलन्स्ड किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात द्या आणि सी-स्टेट्स (काम नसताना प्रोसेसरला झोपवणारी सोय) चालू करा. पंख्यांचं प्रोफाइल 'मॅक्सिमम कूलिंग'वर असेल तर नेहमीच्या पातळीवर आणा. डेटाबेसच्या ज्या यंत्राला प्रतिसादाचा वेळ मायक्रोसेकंदांत जपावा लागतो, तेवढं वगळा. बाकीच्यांना फरक जाणवत नाही.

दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरमध्ये दोघांवर निम्मा निम्मा भार येतो आणि दोघेही आपल्या कमी कार्यक्षमतेच्या टापूत अडकतात. एकाला झोपवून दुसऱ्याकडून काम घेण्याची सोय बऱ्याच सर्व्हरमध्ये असते. ती वापरा, पण निम्म्या सर्व्हरमध्ये पहिला सप्लाय मुख्य ठेवा आणि निम्म्यांत दुसरा. नाहीतर सगळा भार एकाच यूपीएसवर जाऊन बसतो आणि ते लक्षात येतं ते ती यूपीएस ट्रिप झाल्यावर.

यूपीएसचंही तेच. 60 केव्हीएच्या दोन यूपीएस आणि खोलीचा भार 20 किलोवॅट, म्हणजे प्रत्येकीवर सतरा-अठरा टक्के. इतक्या कमी भारावर तोटा वाढतो. मॉड्यूलवाली असेल तर जास्तीची मॉड्यूलं झोपवा. इको मोड, म्हणजे बाहेरची वीज जवळपास थेट सर्व्हरला देणं, मात्र जिथे पुरवठा स्वच्छ आहे तिथेच. तालुक्याच्या गावात, जिथे व्होल्टेज दिवसातून चारदा हेलकावे खातं, तिथे त्याच्या वाटेला जाऊ नये.

गरम आणि थंड हवा वेगळी करणं

सगळ्यात जास्त बचत इथे आहे. सर्व्हर समोरून हवा ओढतो आणि मागून सोडतो. एक किलोवॅट उष्णता 10 अंशांच्या फरकाने वाहून न्यायला ताशी सुमारे 300 घनमीटर हवा लागते, म्हणजे एसीवाल्यांच्या भाषेत 177 सीएफएम (मिनिटाला घनफूट). आपल्या 20 किलोवॅटना ताशी 6,000 घनमीटर झाली. एसी याहून जास्त हवा फेकत असेल तर जास्तीची हवा सर्व्हरला वळसा घालून तशीच परत जाते. कमी फेकत असेल तर सर्व्हर मागची गरम हवाच पुन्हा ओढतो. वैताग म्हणजे एकाच खोलीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात.

सेन्सरच्या आकड्यांतून निदान करता येतं. सर्व्हरच्या पुढच्या-मागच्या हवेत 12 अंशांचा फरक आहे आणि एसीच्या आत-बाहेर फक्त 6 अंशांचा, तर एसीची निम्मी हवा नुसती फिरतेय. एसी 15 अंशांची हवा देतोय, रॅकच्या तळाशी 17 आहे आणि माथ्याशी 27, तर गरम हवा वरून वळून पुढे येतेय. 

डोळ्यांनी पाहायचं असेल तर काठीला टिश्यू पेपरची बारीक पट्टी बांधून रॅकच्या माथ्यावरून आणि रिकाम्या फटींसमोरून फिरवा. अगरबत्ती लावून बघायचा मोह होतो, पण खोलीत गॅसची अग्निशमन यंत्रणा असेल तर तो मोह आवरा. धुरामुळे सिलिंडर रिकामे झाले तर भरून घ्यायला लाखांचा खर्च येतो.

काम पुढील क्रमाने करा.

रॅकचं पुढचं दार काचेचं असेल तर ते आजच काढा. आपल्याकडे काचेचे रॅक दिसायला छान म्हणून घेतले जातात आणि मग हवा मिळावी म्हणून माथ्यावर चार पंख्यांचा ट्रे बसवला जातो. जाळीचं दार बसवा, निदान 60-65 टक्के भोकं असलेलं, आणि मग तो माथ्याचा ट्रे बंद करा. जाळीच्या दारामागे तो पंखा थंड हवा सर्व्हरला न देता सरळ छताकडे पळवतो.

मग रिकाम्या जागा. रॅकची उंची 'यू'मध्ये मोजतात, एक यू म्हणजे 44.45 मिलिमीटर. प्रत्येक रॅकमधले रिकामे यू मोजा आणि प्लॅस्टिकची, हाताने दाबून बसणारी एक-यूची ब्लँकिंग पॅनेलं मागवा. दहा रॅकमध्ये दीड-दोनशे सहज लागतात. स्क्रूवाली घेऊ नका. सर्व्हर बदलताना काढलेलं स्क्रूवालं पॅनेल पुन्हा कोणी लावत नाही. उभ्या रेल आणि रॅकची बाजू यांच्यामधली फट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. 800 मिलिमीटर रुंदीच्या रॅकमध्ये ती चांगली चार बोटं असते, तिथे आग न पकडणारा फोम किंवा कापलेला पत्रा लावा. रॅकखालची मोकळी जागाही बंद करा.

फॉल्स फ्लोअर (खालून हवा सोडण्यासाठी उचललेली टाइलची जमीन) असेल तर केबलसाठी कापलेल्या भोकांना ब्रशचे ग्रोमेट (केबलभोवतीची फट बुजवणारी कडी) बसवा. जाळीच्या टाइल फक्त रॅकच्या पुढे. मागे, दाराशी किंवा ऑपरेटरच्या खुर्चीखाली असलेली जाळीची टाइल बदलून साधी टाका. ऑपरेटर कुरकुर करेल, करू द्या. फ्लोअरखाली जुन्या केबलींचं जंगल असेल तर तेही काढावं लागेल, कारण एसीपासून लांबच्या रॅकला हवा न पोहोचण्याचं कारण बहुधा तेच असतं.

नेटवर्क स्विच हा वेगळाच प्राणी आहे. पोर्ट रॅकच्या मागच्या बाजूला यावेत म्हणून स्विच उलटा बसवतात. पण साध्या स्विचमध्ये हवा पोर्टच्या बाजूने आत जाते, म्हणजे तो सर्व्हरची 35-40 अंशांची हवा श्वासात घेतो आणि गरम हवा पुढे, थंड बाजूला सोडतो. बऱ्याच मॉडेलना उलट्या दिशेचे पंखे आणि पॉवर सप्लाय मिळतात, मागवताना पार्ट नंबर तपासा. काही मोठे स्विच डावीकडून उजवीकडे हवा ओढतात, त्यांना बाजूला पत्र्याची नळी करून समोरची हवा द्यावी लागते.

त्यानंतर रॅकच्या ओळी. वर्गातल्या बाकांसारख्या सगळ्या ओळी एकाच दिशेला तोंड करून असतील तर मागची ओळ पुढच्या ओळीची गरम हवा खाते. ओळी समोरासमोर करा: तोंडाकडे थंड गल्ली, पाठीकडे गरम गल्ली. यासाठी सर्व्हर बंद करावे लागतात, म्हणून हे काम मोठ्या सुटीला जोडून घ्या.

शेवटी थंड गल्ली बंद करा. ॲल्युमिनिअमची चौकट, वर पॉलिकार्बोनेटचा पत्रा, टोकांना 2 ते 3 मिलिमीटर जाडीच्या, 200 मिलिमीटर रुंद पीव्हीसी पट्ट्यांचा पडदा, पट्ट्या एकमेकींवर निदान 50 मिलिमीटर चढवून. आग न पकडणाऱ्या मालाचं प्रमाणपत्र मागा. थर्माकोल, पुठ्ठा आणि जुने फ्लेक्स वापरून ही गल्ली बंद केलेली दिसते. हवा अडते खरी, पण आग लागली तर आटपलंच. छत घालण्याआधी अग्निशमनवाल्याला बोलवा. गॅसचा नोझल आणि धुराचा डिटेक्टर गल्लीच्या आतही लागतो.

भिंतीवरचे स्प्लिट एसी असतील तर गल्ली पूर्ण बंद करता येत नाही, कारण ते ज्या जागी हवा ओढतात तिथेच सोडतात. तिथे काचेची दारं काढणं, पॅनेलं लावणं, ओळींची दिशा बदलणं एवढंच करा आणि इनलेटला 24-25 वर समाधान माना.

आता तापमान वाढवा

ॲशरे या अमेरिकी संस्थेच्या टीसी 9.9 समितीने 2004 मध्ये सर्व्हरसाठी 20 ते 25 अंशांची शिफारस केली होती. 2008 मध्ये ती 18 ते 27 केली. हे तापमान सर्व्हरच्या तोंडाशी, खोलीच्या मध्यावरचं नव्हे. अलीकडचे बरेचसे सर्व्हर ॲशरेच्या ए2 वर्गाचे असतात आणि त्यांना 10 ते 35 अंश चालतात, पण ती सहन करण्याची मर्यादा झाली, रोज राहण्याची नव्हे.

'27 वर यंत्रं मरतील' ही भीती तपासली गेली आहे. इंटेलने 2007-08 मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी हवेत सुमारे 900 पैकी निम्मे सर्व्हर दहा महिने जवळपास सरळ बाहेरच्या हवेवर चालवले. हवा 32 अंशांपर्यंत जात होती, आर्द्रतेवर नियंत्रण नव्हतं, फिल्टर घरगुती दर्जाचा, सर्व्हरवर धुळीचा थर. बिघाड 4.46 टक्के सर्व्हरमध्ये झाला, तर त्याच ठिकाणच्या नेहमीच्या डेटा सेंटरमध्ये 3.83 टक्के. आपल्याला इतकं पुढे जायचंच नाही.

प्रिसिजन एसीत, म्हणजे खास सर्व्हर रूमसाठी बनवलेल्या एसीत, आधी एक सेटिंग बघा: नियंत्रण परतीच्या हवेवर आहे की पुरवठ्याच्या? बहुतेक यंत्रं परतीच्या हवेवर 22 ला लावलेली असतात. गल्ली बंद केल्यावर परतीची हवा 33-35 ला जाते, आणि जायलाच हवी. पण यंत्राला ती 22 करायची असते, म्हणून ते पूर्ण ताकदीने 12 अंशांची हवा ओकत राहतं. नियंत्रण पुरवठ्याच्या हवेवर आणा. एएमसीवाला (देखभालीचा कंत्राटदार) 'असं कोणी करत नाही' म्हणेल, मॅन्युअलमधलं पान उघडून दाखवा.

मग आठवड्याला एक अंश. त्याहून घाई नको, कारण आठवड्याच्या बॅकअपचा आणि महिन्याच्या व्याजाच्या हिशेबाचा भार त्यात यायला हवा. प्रत्येक पायरीला तीन आकडे लिहा: सर्वांत गरम इनलेट, सर्व्हरच्या पंख्यांचा वेग आणि खोलीची एकूण युनिटं. सर्वांत गरम इनलेट 27 ला टेकला की थांबा. त्याआधीच पंखे वेग पकडू लागले आणि एकूण युनिटं कमी होणं थांबलं, तर एक अंश खाली या. तीच तुमच्या खोलीची जागा, ती 25 असेल किंवा 26. दर अंशाला एसीच्या विजेत साधारण 2 ते 4 टक्के घट अपेक्षित धरा. एखादाच सर्व्हर गरम राहत असेल तर सगळी खोली थंड करू नका. त्याच्यासमोरची फट शोधा.

पंख्यांचा घनाचा हिशेब

एसीच्या पंख्याचा वेग 80 टक्के केला की वीज 51 टक्क्यांवर येते, कारण वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. म्हणून वेग बदलता येणाऱ्या पंख्यांच्या दोन एसींपैकी एक पूर्ण वेगाने आणि एक राखीव ठेवण्यापेक्षा दोन्ही निम्म्या वेगाने चालवणं कागदावर एक-चतुर्थांश पंखा-विजेत होतं. प्रत्यक्षात थोडी जास्त लागते, तरी फायदा मोठाच असतो. अट एकच: कॉम्प्रेसरच्या यंत्रात कॉइलवरून किमान हवा जायलाच हवी, नाहीतर कॉइलवर बर्फ धरतो. निर्मात्याने दिलेल्या किमान वेगाच्या खाली जाऊ नका. जुन्या पट्ट्याच्या पंख्याच्या यंत्रात हा खटाटोप करू नये.

आर्द्रता, समुद्र आणि उन्हाळा

दोन प्रिसिजन एसींपैकी एक हवेत पाणी सोडतोय आणि दुसरा तेच काढतोय, हे दृश्य दुर्मीळ नाही. दोघांच्या सेन्सरमध्ये पाच टक्क्यांचा फरक असला तरी ही कुस्ती सुरू होते. ह्युमिडिफायर सगळे बंद करून बघा. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी वर्षभर ते लागत नाहीत. ॲशरेची शिफारस दवबिंदूवर आहे: वरची मर्यादा 15 अंश दवबिंदू, खालची उणे 9.

बाहेरची थंड हवा आत घ्यायची कल्पना पुणे-नाशिकच्या हिवाळ्यातल्या रात्रींना शोभते, जेव्हा पारा 10-14 वर उतरतो. मुंबई, ठाणे, कोकणात पावसाळ्यात हवेचा दवबिंदूच 24-25 असतो, शिवाय क्षार. तिथे दारांच्या फटी बुजवणं हेच खरं काम. पावसात एसी आपली बरीच ताकद नुसतं पाणी काढण्यात घालवतो. नाला, रासायनिक कारखाना किंवा समुद्र जवळ असेल तर हवा धातूला किती गंजवते ते कळण्यासाठी तांब्या-चांदीच्या पट्ट्या महिनाभर खोलीत टांगून प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. महिन्याला तांब्यावर 300 आणि चांदीवर 200 अँगस्ट्रॉमच्या आत गंजाचा थर असावा.

विदर्भ-मराठवाड्यात उलटा मामला. 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असताना ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जिथवर गार होऊ शकते ते, सुमारे 24 असतं, म्हणजे पाण्याने हवा गार करणं उत्तम चालतं. पण एक युनिट उष्णता पाण्याच्या वाफेवर घालवायला साधारण दीड लिटर पाणी लागतं. 20 किलोवॅटच्या खोलीला दिवसाला 720 लिटर, तेही मे महिन्यात, जेव्हा टँकर मागवावा लागतो. त्यापेक्षा आउटडोअर युनिटकडे बघा. गच्चीवर एकमेकांना चिकटून ठेवलेली, एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडात जाणारी, धुळीने बुजलेल्या कॉइलची युनिटं मी म्हणणाऱ्या उन्हात प्रेशर वाढून ट्रिप होतात. अंतर वाढवा, हवा न अडवता वर सावली करा, मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी कॉइल पाण्याने धुवा. जोरात प्रेशर मारू नका, पाती वाकतात.

वीज गेली तर

तापमान वाढवण्यावरचा एक आक्षेप बरोबर आहे: वेळ कमी उरतो. 100 घनमीटर हवेची उष्णता-क्षमता अंशाला सुमारे 120 किलोज्यूल. 20 किलोवॅट म्हणजे फक्त हवेचा विचार केला तर मिनिटाला 10 अंश. भिंती आणि लोखंड हे बरंच मंदावतं, तरी मोजमाप मिनिटांतच असतं. जनरेटर अर्ध्या मिनिटात येतो, पण कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला साधारण तीन मिनिटं थांबतो. म्हणून एसीचे पंखे आणि कंट्रोलर यूपीएसवर घ्या, कॉम्प्रेसर नव्हे. स्प्लिट एसीत ऑटो रीस्टार्ट आहे का ते प्रत्यक्ष मेन बंद करून पाहा. रविवारी सकाळी, इनलेट 25 वर असताना, एसी पाच मिनिटं बंद ठेवा आणि दर 30 सेकंदांचं तापमान लिहा. 32 ला पोहोचायला किती वेळ लागला हा आकडा दारावर चिकटवा.

पाणी कधी आणायचं

दर रॅकला 15-20 किलोवॅटपर्यंत हवा निभावते. एक किलोवॅट 10 अंशांच्या फरकाने न्यायला मिनिटाला 5,000 लिटर हवा लागते, पाणी मात्र दीड लिटरही लागत नाही. म्हणून महासंगणक पाण्याकडे गेले. म्यूनिकजवळच्या लायब्निझ केंद्रातला सुपरमक हा महासंगणक 2012 पासून चाळीस अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यावर गार होत होता, म्हणजे चिलरची (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) गरजच फारशी उरली नाही. पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेतला परम ब्रह्म प्रोसेसरला भिडणाऱ्या द्रवावर गार होतो.

छोट्या खोलीला हा प्रश्न पडतो तो एआयचा सर्व्हर आल्यावर. एनव्हिडियाचा डीजीएक्स एच100 हा एकच डबा कमाल 10.2 किलोवॅट खातो, म्हणजे 2.9 टनांची उष्णता, आणि त्याच्या तोंडाशी हवा 30 च्या वर चालत नाही. दोन टनांच्या स्प्लिटच्या भरवशावर तो विकत घेऊ नका. एखाद-दुसरा असेल तर मागच्या दारात पाण्याचं कॉइल बसवणं सर्वांत कमी तोडफोडीचं.

पुढच्या खरेदीच्या टेंडरमध्ये चार ओळी घालाव्यात. सर्व्हर ए2 किंवा त्याहून वरच्या वर्गाचा असावा. पॉवर सप्लाय 80 प्लस टायटॅनिअम या कार्यक्षमतेच्या दर्जाचा असावा, जो 230 व्होल्टवर निम्म्या भाराला 96 टक्के कार्यक्षम असतो. रिकाम्या अवस्थेत आणि 10, 20, 30 टक्के भारावर किती वॅट लागतात ते पुरवठादाराने लेखी द्यावं, कारण तुमचा सर्व्हर आयुष्य तिथेच काढणार आहे. आणि स्विचच्या हवेची दिशा स्पष्ट लिहावी: पोर्टकडून आत की पोर्टकडून बाहेर.